मुलींच्या फायली कोण उघडतं?

आमच्या धंद्यात पहिला फोन येतो तेव्हा चोराचं नाव आधीच ठरलेलं असतं. समोरचा माणूस मला चोर शोधायला बोलावत नाही, त्याने ठरवलेल्या चोराविरुद्ध पुरावा आणून द्यायला बोलावतो. आणि हा चोर कोण असतो? कंत्राटावरची ऑपरेटर मुलगी. नुकताच राजीनामा दिलेला क्लार्क. पगारवाढ मागितलेला कुणी. नाहीतर ज्याचं आडनाव साहेबांना खटकतं असा एखादा. इतक्या वर्षांत एकाही मालकाने मला फोनवर असं म्हटलेलं नाही की, "मॅडम, आमच्या केबिनपासून सुरुवात करा."

या अंकाच्या संपादकांनी कामातल्या गमतीजमती लिहा म्हणून सांगितलं. गमती आहेत थोड्या. पण लिहायला बसले की हात रागानेच चालतो, त्याला माझा इलाज नाही.

आधी काम काय ते सांगते. मी पुण्यात एका कंपनीच्या सायबर सुरक्षा विभागात बरीच वर्षं होते. सासऱ्यांच्या आजारपणात सोलापूरला परत आले ती इथलीच झाले. जुळे सोलापुरातल्या घरातून कंपनीचं काम करते आणि शहरातल्या संस्थांचंही घेते. लग्नाच्या पंगतीत बायका विचारतात, "म्हणजे तुम्ही हॅकर पकडता?" नाही. हॅकर बाहेरून कुलूप फोडतो. माझं लक्ष ज्यांच्याकडे किल्ली आहे त्यांच्यावर असतं. इंग्रजीत त्याला इनसायडर थ्रेट असं भारदस्त नाव आहे. मी घरभेदी म्हणते, लगेच कळतं.

संगणकावर कुणीही काही उघडलं की त्याची नोंद मागे राहते: कुणाच्या नावाने, कुठल्या मशीनवरून, केव्हा, काय. आता इथे एक बारीक गोष्ट आहे. नोंदीत नाव दिसतं, बोट दिसत नाही. एखाद्या बाईच्या नावाने फाईल उघडली म्हणजे त्या बाईनेच उघडली असं नाही. एवढा एक फरक लोकांच्या गळी उतरवण्यात माझी अर्धी नोकरी गेली, आणि अजून उतरलेला नाही.

अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीतल्या एका टॉवेल कारखान्याची गोष्ट थोडक्यात सांगते. त्यांची नवी डिझाइनं बाजारात त्यांच्याआधी दुसऱ्याच्या नावाने यायला लागली. मालकांनी डिझायनरला कामावरून काढलं आणि मग मला बोलावलं, म्हणजे आधी फाशी आणि नंतर खटला. तपासलं तर डिझाइनं मालकांच्या जावयाच्या मेलवरून जात होती. मालक माझ्याकडे बघून चक्क हसले. "जावई आहेत हो ते. मग चोरी कशी? घरातच राहिलं की." मी विचारलं, "आणि डिझायनर?" ते म्हणाले, "आता त्याला परत कसं बोलवायचं? बरं दिसत नाही." बरं दिसत नाही! माणसाची भाकरी काढून घेताना ते बरं दिसलं होतं.

पण जिच्यासाठी लिहायला बसले ती गोष्ट दवाखान्याची आहे.

दवाखान्याचं नाव लिहीत नाही, प्रकरण अजून चालू आहे. शहरातला मोठा, ट्रस्टचा दवाखाना. तिथे लोक बरे होतात हेही खरं. माणसांची नावं बदलली आहेत. त्या मुलीला विचारलं, तुला काय म्हणू? ती म्हणाली, श्रावणी म्हणा. तर श्रावणी.

ट्रस्टच्या सचिवांचा फोन आला. एका मुलीची माहिती दवाखान्यातून बाहेर गेली, तिचं लग्न मोडलं, घरचे येऊन आरडाओरडा करून गेले. "कुणी केलं ते कळलंय," सचिव म्हणाले. "महादेवी सिस्टर. त्यांच्याच नावाने फाईल उघडलीय. सस्पेंड केलंय. तुम्ही फक्त तसा रिपोर्ट द्या, म्हणजे विषय संपला."

विषय संपवायला मी गेले नाही. मी आधी शहराजवळच्या वळसंग गावी गेले, महादेवी सिस्टरच्या घरी.

पन्नाशीची बाई. आयुष्य त्या दवाखान्यात गेलेलं. नवरा शेताकडे होता, ती ओसरीत तूर पाखडत बसली होती. मी कोण ते सांगितल्यावर सूप बाजूला ठेवलं, पण उठली नाही.

"तुमी बी तेच इचारायला आलासा?"

"सिस्टर, तुमचा पासवर्ड कुणाकुणाला माहीत आहे?"

ती हसली. "कुणाला न्हाय ते इचारा की. समदे डाक्टर माझ्याच नावावर लिवतात. घाईत असतात. 'सिस्टर, जरा तुमचं उघडून द्या' म्हनत्यात. न्हाय म्हनायची सोय हाय व्हय आमाला? मोठ्या सरांच्या केबिनमदी तर कम्प्युटर आला तवापासनं माझंच नाव हाय. सर म्हनले, मला ते नवीन काय जमत न्हाय, तुझंच ऱ्हाऊ दे."

मोठे सर म्हणजे दवाखान्याचे प्रमुख डॉक्टर. शहरात त्यांचं नाव घेताना लोक आवाज खाली आणतात.

"गावात काय म्हणतात?" मी विचारलं.

"काय म्हनतील? पोरींचं आजार इकते म्हनतात." तिने सूप पुन्हा हातात घेतलं. "माझ्या हातावर ह्या गावातली निम्मी पोरं जन्माला आली, मॅडम. आता त्यांच्या आया मला दारातनं बघून आत जातात."

दवाखान्यात कोण कुणाचा पासवर्ड वापरतं हे काही गुपित नव्हतं. डॉक्टरांना माहीत, सचिवांना माहीत, ज्याने सॉफ्टवेअर बसवलं त्याला माहीत. सोय होती तोवर सगळ्यांची, आणि निस्तरायची वेळ आली तेव्हा एकट्या महादेवीची.

मग श्रावणीकडे गेले. पूर्व भागातलं विणकराचं घर, दोन खोल्या. वडील यंत्रमागावर. श्रावणी शाळेचे गणवेश शिवणाऱ्या कारखान्यात संगणकावर कापडाचे नमुने आखते. आई तिच्याशी तेलुगूत बोलायची, माझ्याशी मराठीत, आणि रडू आलं की दोन्हींत.

श्रावणीला लहानपणी फिट यायच्या. औषध झालं, गोळ्या बंद झाल्या, पुढे कधी आल्या नाहीत. साखरपुडा ठरला. आणि अचानक मुलाची आई दारात. तिने फिटचं तर काढलंच, गोळीचं नावसुद्धा सांगितलं. गोळीचं नाव श्रावणीच्या आईलाही आठवत नव्हतं. तेव्हाच यांच्या लक्षात आलं की हे शेजारपाजारचं बोलणं नाही, कागदावरचं आहे.

"आम्ही लपवणार नव्हतो," आई पुन्हापुन्हा म्हणत होती. "देवाशपथ नव्हतो."

श्रावणीने तिला थांबवलं. म्हणाली, "अम्मा, मी त्याला सांगितलं होतं."

आईने चमकून पाहिलं. तिलाही हे नवीन होतं.

"आम्ही सिद्धेश्वरच्या तळ्यावर भेटलो होतो तेव्हा. सगळं सांगितलं. तो म्हणाला, त्यात काय एवढं, माझ्या घरी मी सांगतो. त्याने सांगायच्या आधीच त्याच्या आईला कुणीतरी सांगितलं. मग ती म्हणाली, मुलीने फसवलं. आणि तो काहीच बोलला नाही." ती माझ्याकडे वळली. "मॅडम, माझं होतं ना ते? सांगायचं मी ठरवायचं ना?"

मी तिला विचारलं, हे स्थळ कुणी आणलं? वधू-वर केंद्राने. मुलाची आई भांडताना काही म्हणाली का? "म्हणाली, केंद्रातून आमची सगळी खात्री होते, तुम्ही काय समजलात."

ते केंद्र चालवणाऱ्या बाई म्हणजे मोठ्या सरांच्या वहिनी, त्यांच्या थोरल्या भावाच्या पत्नी. बाहेरच्या पाटीवरच लिहिलेलं होतं: खात्रीशीर चौकशी. इतके दिवस त्या पाटीखालून अख्खं शहर जात होतं.

पण पाटी हा पुरावा होत नाही. आमच्या कामात अशा वेळी एक साधी युक्ती करतात. नसलेली वस्तू ठेवायची आणि तिला कोण हात लावतं ते पाहायचं. सचिवांची परवानगी घेऊन दवाखान्याच्या संगणकात मी एका मुलीच्या नावाने जुना केसपेपर तयार केला. प्राजक्ता, राहणार होटगी, पूर्वी त्वचेचा विकार. अशी मुलगी जगात नव्हती. मग माझी नणंद तिची मामी बनून त्याच नावाचा बायोडेटा घेऊन केंद्रात गेली. बायोडेटात आजाराचं अवाक्षर नव्हतं. नणंद परत आली ती इतकी खुशीत की विचारू नका. "अगं, मी प्राजक्ताच्या पुरणपोळ्यांचंसुद्धा कौतुक केलं. वहिनींनी दोन इंजिनिअर दाखवले!"

फार वाट पाहावी लागली नाही. आठवड्याच्या आत नणंदेला केंद्रातून फोन. "मुलीला कातडीचं काही होतं का हो? लपवू नका, आम्हाला कळतंच."

मी दवाखान्यात जाऊन नोंद काढली. जगात नसलेल्या प्राजक्ताची फाईल उघडली गेली होती. मशीन मोठ्या सरांच्या केबिनमधलं. आणि नाव? महादेवी सिस्टरचं. ती त्या वेळी वळसंगमध्ये सस्पेंड होऊन घरी बसली होती. बाईला दारातून बाहेर काढताना तिचं नाव बंद करायची आठवण कुणालाही झाली नव्हती, कारण ते नाव लागत होतं.

मागच्या नोंदी पाहिल्या. त्याच केबिनमधून, तिच्याच नावाने, लग्नाच्या वयाच्या मुलींच्या फायली उघडलेल्या. एकामागून एक. मुलांच्या फायली? एकही नाही. ती यादी मी पुन्हा वरून खाली वाचली. यातल्या किती जणींना "पत्रिका जुळत नाही" असं सांगितलं गेलं असेल? किती जणींनी स्वतःच्या रंगाला, उंचीला, नशिबाला दोष दिला असेल?

सचिवांना दाखवलं. त्यांनी चष्मा काढून डोळे चोळले. माणूस वाईट नव्हता, भित्रा होता. म्हणाले, "मॅडम, हे असं निघणार माहीत असतं तर मी तुम्हाला बोलावलंच नसतं."

विश्वस्तांची बैठक झाली. मोठे सर मध्ये बसले होते, शांत. महादेवीला बाहेर बाकावर बसवलं होतं. मी जे झालं ते साध्या मराठीत सांगितलं. मला वाटलं होतं सर नाकारतील. त्यांनी नाकारलं नाही. त्याचाच मला जास्त संताप आला.

"मी काय विकलं का काही?" ते म्हणाले. "वहिनी विचारतात, मी बघून सांगतो. दोन कुटुंबांची फसवणूक टळते. ही समाजसेवा आहे, मॅडम. तुमच्या मुलाचं लग्न असतं तर तुम्ही विचारलं नसतं?"

"विचारलं असतं, सर. त्या मुलीला."

"आणि तिने खोटं सांगितलं असतं तर?"

"श्रावणीने मुलाला स्वतः सांगितलं होतं. खोटं तुमच्या केबिनमधून बोललं गेलं. महादेवीच्या नावाने."

एक वकील विश्वस्त मध्ये पडले. "मॅडम, तुम्ही संगणकापुरतं बोला." मग पंधरावीस मिनिटं ते सगळे आपापसात संस्थेच्या इभ्रतीवर बोलले. संस्थेची इभ्रत, सरांची इभ्रत, दानशूरांना काय वाटेल. मुलींची इभ्रत हा विषय काही निघाला नाही. ठरलं ते असं: मी अहवालात 'पासवर्ड सामायिक वापरल्यामुळे तांत्रिक चूक' एवढंच लिहावं, महादेवीने निष्काळजीपणाबद्दल माफीनामा द्यावा, आणि तिला परत कामावर घ्यावं.

मी म्हटलं, अहवाल आहे तसाच राहील. वकीलसाहेबांनी मला करारातलं गोपनीयतेचं कलम दाखवलं. संस्थेची कुठलीही माहिती बाहेर सांगायची नाही, सांगितल्यास कारवाई. माझी सही होती. खरं तर हे सगळं कायद्याने श्रावणीला कळवायला हवं, असं मी म्हणाले. ते म्हणाले, "ते आम्ही बघू."

महादेवीला आत बोलावलं. माफीनामा टाइप करून तयार होता. तिने तो शांतपणे वाचला. सचिवांनी पेन पुढे केलं.

"सही न्हाय करनार," ती म्हणाली.

"सिस्टर, नोकरी परत मिळतीय."

"नोकरी माझीच हाय की. तुमी घेतली, तुमी द्या. पन मी चुकले म्हनून लिवून देनार न्हाय. गावात तोंड दाखवायचं हाय मला." मग मोठ्या सरांकडे वळून, "सर, तुमी माझ्या नावानं केलंसा. मला नुसतं इचारलं असतंसा तरी मी न्हाय म्हनले असते. म्हनूनच इचारलं न्हाय नव्हं?"

सरांनी फोन वाजत नसताना फोन उचलला.

पुढे जे झालं ते ना मी केलं ना विश्वस्तांनी. दवाखान्यातल्या बाकीच्या सिस्टरांना हे कळलं, आणि त्यांनी पासवर्ड देणं बंद केलं. संप नाही, घोषणा नाहीत. डॉक्टर म्हणाले, "सिस्टर, जरा उघडून द्या," की उत्तर यायचं, "सर, तुमच्या नावाने उघडा." ज्यांना स्वतःचं नाव संगणकात आहे हेही ठाऊक नव्हतं ते एकेका बोटाने टाइप करायला लागले. ओपीडी तुंबली. सचिवांनी महादेवीला माफीनाम्याशिवाय परत बोलावलं. तिची माफी मात्र कुणी मागितली नाही, आजपर्यंत नाही. वॉर्डातून काढून ओपीडीच्या टेबलावर बसवलं, नंबर पुकारायला.

आणि श्रावणीला कळवायचं 'ते आम्ही बघू' कसं बघितलं? दवाखान्याचा जनसंपर्क अधिकारी तिच्या घरी पेढे घेऊन गेला. हो, पेढे. 'तांत्रिक कारणामुळे आपल्याला मनस्ताप झाला, क्षमस्व' असं बोलून, चहा पिऊन गेला.

दुसऱ्या दिवशी श्रावणी आणि तिची आई माझ्या दारात. पेढ्यांचा पुडा तसाच, दोरीसुद्धा न सोडलेला.

"तांत्रिक म्हणजे कोण, मॅडम?" श्रावणीने विचारलं.

मला ते कलम दिसत होतं. आयुष्यभर मी ज्यांना पकडलं, आतलं बाहेर सांगणारी माणसं, त्यांच्यात जाऊन बसायचं होतं मला एका वाक्याने. पुण्याच्या कंपनीला कळलं तर नोकरीही जाऊ शकते, हेही मनात आलं. खोटं कशाला सांगू, बराच वेळ मनात राहिलं.

पण त्या मुलीची माहिती ज्याला हवी त्याला मिळत होती. फक्त तिलाच नाही, हे मला सहन होईना. मी नाव सांगितलं.

श्रावणीची आई तेलुगूत मुलीला काहीतरी विचारत राहिली. श्रावणीने मान हलवली आणि मला म्हणाली, "माझ्या फिट त्यांनीच बऱ्या केल्या, मॅडम."

मला हे माहीत नव्हतं. फाईल कुणी उघडली तेवढं आम्ही बघतो, आत काय लिहिलंय ते वाचत नाही. वाचायचं नसतं. सरांनी मात्र ती वाचली होती, आणि त्या आधी स्वतःच्या हाताने लिहिलीही होती.

"शेवटच्या वेळी गेले तेव्हा त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला होता," ती म्हणाली. "म्हणाले, बाळ, आता तू बरी झालीस. हे आता कुणाला सांगायची गरज नाही."



मग तिने ठरवलं. मला सोबत चला म्हणाली. आम्ही तिघी दवाखान्यात गेलो. तिने रीतसर केसपेपर काढला, बाकावर बसली. इतर पेशंट खोकत होते, पोरं रडत होती. तिचा नंबर आला. महादेवी सिस्टरने कागदावरचं नाव पाहिलं, मग श्रावणीकडे पाहिलं. बाकावरच्या सगळ्यांना ऐकू जाईल एवढ्या मोठ्यांदा नाव पुकारलं, आणि स्वतः उठून केबिनचं दार धरून उभी राहिली. श्रावणी आत गेल्यावरही सिस्टरने ते लावलं नाही.

मी दारापाशीच होते. सर मान खाली घालून काही लिहीत होते.

"काय होतंय?" त्यांनी विचारलं.

"मला काही होत नाही, सर. तुम्ही मला बरं केलं होतं. मग वहिनींना माझ्या गोळीचं नाव सांगितलंत. सांगताना माझी आठवण आली होती का, एवढंच विचारायचं होतं."

सरांनी मान वर केली. तिच्याकडे नीट पाहिलं. मला दिसत होतं, ते खरोखर आठवायचा प्रयत्न करत होते.

"नाव काय तुझं, बाळ?" त्यांनी विचारलं.

श्रावणीने नाव सांगितलं नाही. ती बाहेर आली, आईचा हात धरला, आणि आम्ही तिघी रिक्षाने सायबर पोलीस ठाण्यात गेलो. मला घरी जाता आलं असतं. पण जबाब माझाही लागणार होता, आणि तो मी देणार होते, कलमासकट.

तिथल्या हवालदारांनी कागद पुढे ओढला. सगळं ऐकून घेतलं आणि सवयीने विचारलं, "संशय कुणावर आहे?"

"संशय नाही," श्रावणी म्हणाली. "नाव सांगते. लिहून घ्या."